सिंहलाइट : एका दुर्मिळ रत्नाची ओळख आणि मोल

सोने सांधताना सोनार जो टाकणखार वापरतो, तो आपल्या परिचयाचा आहे. लडाखमधील पुगा खोऱ्यात तो नैसर्गिकरीत्या आढळतो. बोरॉन व ऑक्सिजन यांच्या संयोगातून बनलेल्या अशा खनिजांना बोरेट म्हणतात. टाकणखार मऊ असतो व पाण्यात विरघळतो. याच कुळातील सिंहलाइट मात्र कठीण, पारदर्शक आणि पैलू पाडण्याजोगे असते.

या नावाचा उगम संस्कृत आहे. ‘सिंहल’ म्हणजे श्रीलंका. तेथील रत्नयुक्त खडीवाळूत तपकिरी-पिवळसर खडे सापडत. ते तपकिरी पेरिडॉट, म्हणजे ऑलिव्हिन या खनिजाचे रत्न, म्हणून विकले जात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील क्लॅरिंगबुल व मॅक्स हे या शास्त्रज्ञांनी १९५२ साली हे स्वतंत्र खनिज असल्याचे जाहीर केले.

ही गल्लत का झाली? दोन्ही खनिजांची अंतर्रचना एकाच धर्तीची आहे. ऑलिव्हिनमध्ये मॅग्नेशियम व सिलिकॉन असते. सिंहलाइटमध्ये मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम व बोरॉन. कठिणताही जवळपास सारखीच, सुमारे साडेसहा. भिंगातून पाहिले तर दोहोंतही मागील पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात. म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबून भागत नाही.

खरा उपयोग होतो तो विशिष्ट गुरुत्वाचा. समजा, एका खड्याचे वजन हवेत ३.४८ ग्रॅम भरले व पाण्यात टांगल्यावर २.४८ ग्रॅम. घट १.०० ग्रॅम, म्हणून विशिष्ट गुरुत्व ३.४८. हा सिंहलाइट होय. पेरिडॉटचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.३४ असल्याने तेवढ्याच वजनाच्या पेरिडॉटमध्ये घट १.०४ ग्रॅम भरली असती. खडा एक कॅरटचा, म्हणजे ०.२ ग्रॅमचा असेल, तर हा फरक दोन-अडीच मिलिग्रॅम इतकाच उरतो. तेथे साधा काटा निरुपयोगी ठरतो व अपवर्तनांक मोजावा लागतो. सिंहलाइटचा तो साधारण १.६७ ते १.७१, तर पेरिडॉटचा १.६५ ते १.६९ असतो.

आता मोलाचा प्रश्न. दुर्मिळ वस्तू महाग असलीच पाहिजे, हा समज बरोबर नाही. किंमत ठरते ती मागणीवर. हिरा, माणिक यांची नावे सर्वतोमुखी आहेत. सिंहलाइटचे नाव संग्राहकांपुरतेच. रंग, निर्मळपणा, घडण व वजन पाहिले जातेच. परंतु त्याआधी प्रयोगशाळेचा दाखला हवा. दाखल्याविना तोच खडा तपकिरी पेरिडॉटच्या भावाने जातो. उलट, सामान्य खडा दुर्मिळ म्हणून गळ्यात पडण्याचाही धोका असतोच.

आपल्या भागाचे काय? लातूर व नांदेडच्या बऱ्याच भागात काळा पाषाण आहे. त्यात ऑलिव्हिनचे बारीक कण असू शकतात. सिंहलाइट घडण्यास मात्र उष्णतेने पालटलेला चुनखडक व त्यात बोरॉनचा प्रवेश, अशी परिस्थिती लागते. म्हणून गावच्या खाणीत असे रत्न सापडल्याचे कोणी सांगितले, तर प्रथम शंका घ्यावी आणि मग तराजू घ्यावा.

पारख हा दैवाचा भाग नव्हे; ती मोजमापाची शिस्त आहे. आधी ओळख, मग मोल, हा क्रम ज्याने पाळला तो सहसा फसत नाही.