जोत्यावरून उतरताना

प्रश्न : ट्रायल्स बाइक (अडथळ्यांवरून चालवायची मोटरसायकल) शिकतोय. वाडीतल्या पडक्या घराच्या जोत्यावर चढतो, पण उतरताना तोंडघशी पडतो. काय चुकतं?
– एक वाचक, चौल

उत्तर : बहुधा पुढचा ब्रेक. खाली बघून भीती वाटली की बोटं तो आवळतात आणि मागचं चाक उचललं जातं. जोतं तूर्त विसरा. जांभ्याचा एकच चिरा आडवा ठेवा, वीतभर उंचीचा, आणि त्यावरून पन्नासदा उतरा. फूटपेगवर उभे राहा, गुडघे-कोपरं सैल ठेवा, नजर चाकावर नको, चार हात पुढे. कडेवर वेग माणसाच्या चालीइतकाच. पुढचं चाक खाली जाताना हात लांबू द्या, कंबर मागे न्या. चाक टेकलं की कोपरं वाकवून धक्का पचवा.

गुडघ्याएवढ्या उंचीला नुसतं घरंगळणं पुरत नाही. कडेवर क्लच-थ्रॉटलचा छोटा झटका देऊन पुढचं चाक हलकं करा, म्हणजे गाडी नाकावर न पडता दोन्ही चाकांवर उतरते. हे मात्र शिकवणारा शेजारी असल्याशिवाय नको.

ट्रायल्स बाइक साधारण ७० किलोची असते. मित्राची दीडशे किलोची गाडी घेऊन हा प्रयोग करू नका. हेल्मेट, बूट, गुडघ्याची ढाल हवीच. इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधा, बरेच जण ती गाडीवरच लटकवतात! श्रावणात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा सराव बंद. आणि रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाकडे बघूही नका, तो वारसा आहे.