वायुसेनेत जाण्याच्या चार वाटा : कोणती परीक्षा, कोणत्या वयात, कशासाठी?



नागपूरच्या वायुसेनानगरात भारतीय वायुसेनेच्या अनुरक्षण कमानचे मुख्यालय आहे. विमानांची निगा, दुरुस्ती आणि सुटे भाग यांचा कारभार तिथून चालतो. त्यामुळे आपल्या भागातल्या पोरापोरींना निळ्या गणवेशाची ओढ नवी नाही. २००९ ते २०११ या काळात वायुसेनाप्रमुख असलेले एअर चीफ मार्शल प्रदीप नाईक यांचा जन्म नागपूरचाच. २०२१ ते २०२४ या काळात प्रमुख असलेले विवेक राम चौधरी हे नांदेड जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे. दोघेही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून गेले.

"पोराले एअरफोर्समधी टाकाचं हाये जी, फारम कुठी भेटते?" असे सभासद विचारतात, तेव्हा एका वाक्यात उत्तर देता येत नाही. कारण फॉर्म एक नाही, मुख्य चार आहेत. चारही परीक्षांचे वय वेगळे, शिक्षण वेगळे आणि नोकरीची मुदतही वेगळी. कोणती सोपी आणि कोणती अवघड, हा प्रश्न नंतरचा. आपल्या मुलाच्या वयाला आणि शिक्षणाला कोणती लागू पडते आणि ती पास झाल्यावर पदरात काय पडते, हे आधी पाहावे.

१) एन. डी. ए. (बारावीनंतर, अधिकारी)

ही परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. बारावीत शिकत असतानाही बसता येते. वायुसेनेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय हवेत. लेखी परीक्षा ९०० गुणांची : गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. सामान्य क्षमतेत इंग्रजीचे २०० आणि विज्ञान, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी वगैरेंचे ४०० गुण असतात. त्यानंतर निवड मंडळापुढची मुलाखतही ९०० गुणांचीच. म्हणजे अर्धे गुण पुस्तकाबाहेरचे आहेत, हे ध्यानात ठेवा.

वयाची अट साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे. इथे पुष्कळ जण फसतात. हे वय परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत, प्रशिक्षण सुरू होते त्या दिवशी मोजतात. परीक्षा आणि प्रशिक्षण यांत आठ-दहा महिन्यांचे अंतर असते. म्हणून परीक्षेच्या दिवशी १९ वर्षे पूर्ण झालेला मुलगा बादच समजा.

२०२१ च्या नोव्हेंबरपासून मुलीही ही परीक्षा देतात. पहिल्या तुकडीतल्या १७ मुली मे २०२५ मध्ये खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. तेव्हा लेकीचे नाव यादीतून वगळू नका.

२) सी. डी. एस. (पदवीनंतर, अधिकारी)

हीदेखील लोकसेवा आयोगाचीच आणि वर्षातून दोनदा. इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित, प्रत्येकी १०० गुण. वायुसेनेच्या उड्डाण शाखेसाठी वय २० ते २४. पदवी कोणतीही चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे. नाहीतर अभियांत्रिकीची पदवी हवी. या वाटेने वायुसेनेला जागा थोड्या, एका खेपेला साधारण ३२. मात्र एन. डी. ए.प्रमाणे इथेही नोकरी कायमची असते.

३) ए. एफ. कॅट (पदवीनंतर, वायुसेनेची स्वतःची परीक्षा)

ही २०११ पासून वायुसेना स्वतः घेते. तीही वर्षातून दोनदा, संगणकावर. १०० प्रश्न, ३०० गुण, दोन तास. उड्डाण शाखेसाठी वय २० ते २४, जमिनीवरच्या शाखांसाठी २० ते २६. पदवीला ६० टक्के लागतात. उड्डाणासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्रात प्रत्येकी ५० टक्के हवेत. मुलींनाही ही वाट खुली आहे. बी. ए. किंवा बी. कॉम. झालेल्यांना प्रशासन, पुरवठा, हिशेब अशा शाखांत इथूनच शिरता येते.

पण मुदत नीट वाचा. उड्डाण शाखेची नोकरी १४ वर्षांची. जमिनीवरच्या शाखेची १० वर्षांची, ती आणखी ४ वर्षे वाढू शकते. या मुदतीच्या नोकरीला पेन्शन नाही.

४) अग्निवीर वायू (बारावीनंतर, सैनिक)

जुन्या माणसांना 'एअरमन'ची भरती आठवते. त्यात सुरुवातीलाच २० वर्षांची नोकरी आणि पुढे पेन्शन होती. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि ती पद्धत बदलली. आता नोकरी चार वर्षांची. त्यानंतर फार तर चारांतल्या एकाला कायम करतात. पगार पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातले ३० टक्के सेवानिधीत कापले जातात आणि सरकार तेवढीच भर घालते. चार वर्षांनी सुमारे १० लाख रुपये व त्यावरचे व्याज हाती येते. पेन्शन व ग्रॅच्युइटी नाही.

वय साडेसतरा ते एकवीस. बारावीला एकूण ५० टक्के आणि इंग्रजीतही ५० टक्के हवेत. विज्ञान गटाची परीक्षा इंग्रजी, भौतिकशास्त्र व गणिताची, ६० मिनिटांची. इतरांची इंग्रजी व सामान्य ज्ञान-तर्क यांची, ४५ मिनिटांची. मुलांना १.६ किलोमीटर ७ मिनिटांत धावावे लागते, मुलींना ८ मिनिटांत. या वाटेने गेलेला मुलगा वैमानिक होत नाही, हे त्याला आधीच सांगा. विमान चालवणारा अधिकारीच असतो.

चारही वाटांना लागू असलेल्या गोष्टी

चुकीच्या उत्तराला गुण कापतात. पहिल्या तीन परीक्षांत प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश, अग्निवीरमध्ये पाव गुण. अंदाजाने ठोकून दिलेली उत्तरे काट्यावरच्या कपातीसारखी मूळ वजनालाच खातात.

मराठीत प्रश्नपत्रिका कुठेच नाही. ए. एफ. कॅट फक्त इंग्रजीत. बाकीच्या इंग्रजी व हिंदीत, इंग्रजीचा भाग अर्थातच इंग्रजीत. म्हणून नववीपासून रोज एक पान इंग्रजी वाचायची सवय लावावी. या अभ्यासाला क्लास लागत नाही.

उड्डाणासाठी उंची किमान १६२.५ सेंटिमीटर आणि डोळे चांगले हवेत. रंग ओळखता आले पाहिजेत. क्लासची फी भरण्याआधी मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. जत्रेत हौसेने काढलेले गोंदणही आडवे येते. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढीच चालते.

वैमानिकाची यंत्रावरची कलचाचणी जन्मात एकदाच देता येते. त्यात नापास झाला तर उड्डाण शाखा कायमची बंद. म्हणून "बघू, सहज देऊन येऊ" असे म्हणून कोणी जाऊ नये.

मग घरी काय करावे?

लागवडीची नोंद उशिरा केली की तोडही उशिरा येते, हे आपल्याला सांगायला नको. इथली नोंद दहावीनंतर होते. ज्याला उडायचे आहे त्याने अकरावीला गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र घ्यावे. ज्याने कला शाखा घेतली, त्याला पुढे पदवीनंतर जमिनीवरच्या शाखा उरतात, विमान उरत नाही.

दहावीनंतर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. राज्य सरकारने ती १९७७ साली काढली. तिथे अकरावी-बारावीबरोबर एन. डी. ए.ची तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला २०२३ मध्ये सुरू झाली. त्याहून लहान मुलांसाठी चंद्रपूरची सैनिक शाळा जवळची. तिथे सहावी व नववीला प्रवेश परीक्षा असते. कॉलेजात एन. सी. सी.ची हवाई शाखा मिळाली तर सोडू नये. तिचे 'सी' प्रमाणपत्र असले की लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळापुढे जायची सोय आहे.

बारावी झालेल्याने क्रम असा ठेवावा : वय आहे तोवर एन. डी. ए. द्यावी आणि पदवीला प्रवेशही घ्यावा. एन. डी. ए. हुकली तर सी. डी. एस. आणि ए. एफ. कॅट पुढे आहेतच. घरची गरज मोठी असेल तर अग्निवीर जरूर व्हावे, पण चार वर्षांनंतर काय, याचा विचार घरात बसून आधी करावा. जमेल तसे बाहेरून पदवीचे शिक्षण चालू ठेवावे.

शेवटची एक गोष्ट. चारही फॉर्म सरकारी संकेतस्थळावर भरतात आणि परीक्षेचे केंद्र नागपूरला मागता येते. मधे दलालाचे काम नाही. कोणी "इतके द्या, भरती करून देतो" म्हणाला, तर उसाच्या बिलाचा पैसा त्याच्या हाती देऊ नका. त्या पैशात दोन पुस्तके आणि एक चष्म्याची तपासणी होते. मुलाचा जन्मदाखला काढा, त्याचे वय मांडा आणि कोणती परीक्षा कोणत्या महिन्यापर्यंत देता येते ते वहीत लिहून ठेवा. तयारीची सुरुवात तिथून होते.