नोकरभरतीच्या व्यवसायात विश्वास कसा मिळतो?

प्रश्न : गावाकडच्या तरुणांना कंपन्यांत नोकऱ्या मिळवून देण्याचा व्यवसाय करायचा आहे. लोकांचा विश्वास कसा मिळवावा?
– एक वाचक, सोनाळा (जि. बुलढाणा)

उत्तर : या व्यवसायात विश्वासाचा पहिला कस पैशाच्या व्यवहारात लागतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या करारानुसार (क्र. १८१) खासगी भरती संस्थेने सर्वसाधारणपणे उमेदवाराकडून शुल्क घेऊ नये, मोबदला कंपनीकडून घ्यावा. परदेशातील नोकऱ्यांसाठी भरती करायची असल्यास १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी अनिवार्य असते.

दुसरा कस माहितीचा. सोनाळ्याहून चाकणला जाणाऱ्या मुलाला हातात पडणारा पगार, कपाती, कामाच्या पाळ्या, राहण्याचा खर्च आणि नेमणूक कंपनीची की ठेकेदाराची, हे निघण्यापूर्वीच मराठीत लिहून द्यावे. ही माहिती घरच्यांनाही सांगावी, कारण गावात निर्णय बहुधा घर मिळून घेते.

तिसरा कस नकाराचा. निवड झाली नाही, तर ते वेळेत आणि कारणासह कळवावे. ताटकळत ठेवल्याने नाव खराब होते.

रुजू झाल्यावरही पहिला पगार हाती पडेपर्यंत विचारपूस करावी. पुढचे उमेदवार त्याच मुलाच्या शब्दावर येतात.