‘बघतो रे’ म्हणजे हो की नाही? : मित्राच्या महागड्या वाढदिवसातून माघार कशी घ्यावी



नववी-दहावीच्या मुलांच्या तोंडी हल्ली ‘वर्गणी’पेक्षा ‘कॉन्ट्री’ हा शब्द जास्त ऐकू येतो. वाढदिवस एकाचा, आणि बेत असतो मुक्ताईनगरहून जळगावला गाडी, हॉटेलात जेवण, केक, सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट. समजा, माणशी हजार रुपये. आपल्या भागात एकाच्या घरी केळीची कापणी सुरू असते, भावही चांगला मिळालेला असतो. त्याच बाकावरच्या दुसऱ्याची केळी वादळात आडवी झालेली असते, नाहीतर आई रोजाने निंदणीला जात असते. ग्रुपवर मात्र आकडा सगळ्यांसाठी एकच येतो.

अशा वेळी मुलं काय लिहितात? ‘बघतो रे.’ मराठीत मोठ्या माणसांनी ‘बघतो’ म्हटलं की समोरचा समजतो, हा नकार आहे. पण बेत आखणारा पंधरा वर्षांचा मुलगा ‘बघतो’ला होकारात धरतो, डोकी मोजतो आणि हॉटेलला आकडा कळवतो. आदल्या रात्री फोन बंद लागला, की राग पैशांचा नसतोच. ‘आधी सांगायचं ना!’ हे खरं दुखणं.

आपल्याच तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे. ज्ञानेश्वर वयाने लहान, ज्ञानाने मोठे. मग पत्रात आशीर्वाद लिहावा की नमस्कार? हे न सुचल्याने चांगदेवांनी कोरंच पत्र पाठवलं, अशी कथा आपण वर्गात सांगतो. त्या कोऱ्या कागदाला ६५ ओव्यांचं उत्तर आलं, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पण कोऱ्या पत्राचा अर्थ लावायला समोर ज्ञानेश्वर असावे लागतात! मुलांच्या ग्रुपवर न दिलेल्या उत्तराचा अर्थ एकच लावला जातो, ‘याला आपली किंमत नाही.’

म्हणून मुलांना आधी वाक्य शिकवा. ‘मी येणार नाही’ आणि ‘मला जमणार नाही’ यांत व्याकरणाचा फरक आहेच, पण नात्याचाही आहे. पहिल्यात मी नकार देतो. दुसऱ्यात अडचण आड येते, मी तुझ्या बाजूलाच उभा असतो. ‘परवडत नाही’ हा शब्दही लाजिरवाणा नाही. बाजारात तो आपण सगळेच रोज वापरतो. ग्रुपवर नाही, त्या मित्राला एकट्याला गाठून असं म्हणता येईल :

‘‘अरे, हॉटेलचं मला या वेळी जमणार नाही, एवढे पैसे घरी मागता येणार नाहीत. माझं नाव धरू नको. पण सकाळी तुझ्या घरी येतोच, काकूंच्या हातचा शिरा खायला.’’

कारण एका ओळीत, आणि खरं. ‘ताप आहे’ म्हटलं की संध्याकाळी कुणाच्या तरी स्टेटसवर आपण क्रिकेट खेळताना दिसतो, मग त्या तापासाठी दुसरं खोटं शोधा.

आधी हो म्हणून मग माघार घ्यायची असेल, तर गोष्ट थोडी अवघड. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी सांगावं, आणि ‘माझ्या नावाने काही पैसे भरलेस का?’ हे आपणहून विचारावं. टी-शर्ट छापून झाला असेल तर त्याचे पैसे हळूहळू का होईना, द्यावेत.

मित्र म्हणाला, ‘तुझे मी भरतो’, तर? याला सरसकट उत्तर नाही. एकांतात, मनापासून म्हणत असेल तर एखाद्या वेळी घ्यायला हरकत नाही असं मला वाटतं. चारचौघांत म्हणाला, तर ‘नको रे, पुढच्या वेळी’ एवढं पुरे.

पालकांनो, ‘आपल्या पोराला कमी पडायला नको’ म्हणून उसने पैसे आणू नका. आणि ‘त्या पैसेवाल्यांच्या नादी लागू नको’ असंही म्हणू नका. मूल मैत्री सोडत नाही, फक्त घरी सांगणं सोडतं. ज्यांच्या घरी वाढदिवस आहे त्यांनी आकडा ठरण्याआधी मुलाला एवढंच विचारावं, ‘सगळ्यांना झेपेल ना?’ हिवाळा असेल तर शेतात भरीत करा की! बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी. कुणी मिरच्या आणेल, कुणी काड्या गोळा करेल. तिथे कुणाची कॉन्ट्री किती, हे कुणी मोजत नाही.

वर्गात हा पाठ उपयोजित लेखनाच्या तासाला घेता येतो. मुलांना दोन संदेश लिहायला द्या : एक नकाराचा, दुसरा तो नकार वाचून वाढदिवसाच्या मुलाने दिलेल्या उत्तराचा. नावं न घालता चिठ्ठ्या गोळा करा आणि मोठ्याने वाचा. दुसऱ्या संदेशाला जास्त वेळ ठेवा, तो मुलांना अवघड जातो.