भाचा पुरेसा खाली गेला होता का?

प्रश्न : पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत माझ्या भाच्याने स्क्वॉट मारला. आम्ही समोर, स्टेजखाली बसून मोबाइलवर चित्रण केलं. त्यात तो चांगला खाली गेलेला दिसतो. तरी एक पांढरा आणि दोन लाल दिवे लागले! पंचांनी नेमकं काय पाहिलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : भाचा खाली गेला, हे पंचांनाही मान्य असेल. वाद आहे तो बोटभर अंतराचा, आणि तुमच्या जागेवरून तो मिटणारा नव्हता.

मांडी जमिनीला समांतर आली की झालं, असं जिममध्ये सर्रास सांगतात. कुणी गुडघ्यात काटकोन झाला की पुरे म्हणतं. स्पर्धेत दोन्ही चालत नाही. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या नियमानुसार मांडीची वरची बाजू, कमरेच्या सांध्यापाशी, गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली जावी लागते. सांध्यापाशी म्हणजे बसताना जांघेत घडी पडते तिथे. ही घडी आणि गुडघ्याचा माथा, बघायचे ते दोनच बिंदू. बरोबरीत आले तरी लिफ्ट बाद. मांडीची खालची बाजू किंवा बसायचा भाग कितीही खाली लोंबला तरी हिशेबात नाही. भरदार मांड्यांच्या खेळाडूंचे पाठीराखे नेमके इथे फसतात.

इतकी काटेकोर रेघ ओढायला कारण आहे. उठताना सर्वांत जड जागा समांतरच्या थोडी वर लागते. तिथवर न जाताच परत फिरायची मुभा असती, तर तालमीत पूर्ण बैठका मारणाऱ्यापेक्षा अर्ध्यातून उठणाराच मोठा ठरला असता.

आता तुमच्या चित्रणाकडे वळू. समोरून पाहताना गुडघा जवळ असतो आणि जांघेची घडी हात-दीड हात मागे. मोबाइल गुडघ्यापेक्षा खाली धरला, की मागची वस्तू चित्रात खाली सरकते. रस्त्यावरच्या दिव्यांच्या रांगेत लांबचा दिवा बुटका दिसतो, तसंच. स्टेजखालून तुम्हाला घडी खरी होती त्यापेक्षा खाली दिसली. हेच चित्रण गॅलरीतून केलं असतं, तर भाचा मुळीच खाली गेला नाही असं वाटून तुम्हीच त्याला रागावला असता.

म्हणून तर दोन पंच बाजूला बसवतात. तिथून दोन्ही बिंदू जवळजवळ एका अंतरावर येतात. तरी पाय फार फाकवले की गुडघा पंचाच्या जवळ येतो, आणि वरून पाहणाऱ्याला घडी उंच वाटते. त्यामुळे चांगला बाजूचा पंच खुर्चीत वाकून नजर गुडघ्याच्या पातळीला आणतो. मध्येच सावरायला उभे असलेले मदतनीस आडवे येतात, ही त्याची डोकेदुखी वेगळी. मुख्य पंच समोर असतो. त्याला खोली (डेप्थ) सर्वांत कमी कळते. खात्री नसताना लाल कसा द्यायचा? तुमचा तो एकमेव पांढरा दिवा बहुधा त्याचाच असावा. तिघांपैकी दोघांनी पांढरा दिला तरच लिफ्ट ग्राह्य.

आणखी एक समज काढून टाका : पुरेसं खाली गेल्यावर पंच ‘उठ’ म्हणत नाही. सुरुवातीला ‘स्क्वॉट’ आणि सरळ उभं राहिल्यावर ‘रॅक’, एवढेच दोन हुकूम. तळाचा अंदाज खेळाडूनेच घ्यायचा.

शिवाय लाल दिवा म्हणजे डेप्थच कमी, असंही नाही. दिव्यानंतर कारणाचं कार्ड दाखवतात : लाल डेप्थसाठी, निळं गुडघे नीट ताठ न केल्याबद्दल, पिवळं तळाशी उसळी घेणं, पाय हलवणं अशा चुकांसाठी. दोघांनी लाल कार्ड दाखवलं होतं का, तेवढं भाच्याला विचारा.

तसं असेल तर सरावात मोबाइल बरोबर बाजूला, त्याच्या वाकलेल्या गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. नी स्लीव्ह आणि स्पर्धेचाच सूट घालायला लावा. ढगळ ट्रॅकपँटमध्ये घडी सापडत नाही. पुढच्या स्पर्धेत पहिलाच प्रयत्न डेप्थवरून बाद झाला, तर वजन कमी करता येत नाही, मात्र तेच पुन्हा मागता येतं. त्याने तेच मागावं. तिन्ही स्क्वॉट बाद झाले, तर बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट कितीही जोरदार झाले तरी एकूण वजनाच्या यादीत त्याचं नाव लागत नाही.