खोट्या विमानांतील खरेपणा

विमानांत न बसतां विमान चालविण्यास शिकतां येईल काय, असा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं कोणी केला असता, तर पाण्यांत न उतरतां पोहावयास शिकणाऱ्याची उपमा देऊन लोकांनीं त्याची थट्टा केली असती. आज ही गोष्ट नित्याची झाली आहे. लढाऊ जेट विमानाचें चालकस्थान, त्यांतील कळा व दिवे, त्याचें इंजिन व रडार, इतकेंच नव्हे तर त्याचे दोषसुद्धां संगणकाच्या पडद्यावर उभे करणारे कार्यक्रम घरोघरीं पोंचले आहेत. त्यांस सिम्युलेटर म्हणतात. आम्ही या लेखांत त्यांस 'प्रतिविमान' म्हणूं. पुष्कळ मुलांस त्यांचा नाद आहे आणि पुष्कळ पालकांस त्या नादाची काळजी आहे. म्हणून त्यांत खरें किती व भास किती, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कल्पनेचा जन्म युद्धशाळेंत झाला नाहीं. तो बाजाच्या कारखान्यांत झाला. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन या गांवीं एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गन ज्या भात्यांनीं वाजतो, त्याच जातीच्या भात्यांवर एक लहानसें विमान बसवून लिंकनें १९२९ सालीं एक डोलणारें शिक्षणयंत्र तयार केलें. प्रथम लोकांनीं त्यास करमणुकीचें खेळणें मानलें. परंतु १९३४ सालीं अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचें काम पडलें. धुक्यांत व हिमवर्षावांत केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव त्यांस नव्हता. थोड्याच आठवड्यांत कित्येक वैमानिक प्राणांस मुकले. तेव्हां लष्करानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत याच यंत्रांत बसून लक्षावधि तरुणांनीं डोळे झांकलेल्या उड्डाणाचे धडे घेतले. तात्पर्य, जें खेळणें ठरलें होतें तेंच जीवरक्षक ठरलें.

संगणक आल्यावर भात्यांची जागा गणितानें घेतली. १९९८ सालीं निघालेल्या 'फाल्कन ४.०' या कार्यक्रमांत अमेरिकेचें एफ-१६ हें विमान, आणि २०१४ सालीं 'डीसीएस' या मालिकेंत आलेलें मिग-२१ बिस हें रशियन विमान, हीं दोन उदाहरणें आम्ही पुढें ठेवीत आहों. मिग-२१ तर आपणांस परकें नाहीं. १९६३ पासून तें भारतीय हवाई दलाच्या सेवेंत होतें. नाशिकजवळील ओझर येथील कारखान्यांत तें बनत असे. आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजीं चंदीगड येथें त्यास शेवटचा निरोप देण्यांत आला.

प्रतिविमानाच्या खरेपणाची पहिली कसोटी म्हणजे त्याचें उडणें. विमानाच्या पंखास वर उचलणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हा नियम विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. इतर सर्व गोष्टी तशाच ठेवून वेग निम्मा केला, तर हा जोर निम्मा होत नाहीं, चौथाई होतो. मग वैमानिक तो जोर भरून काढण्यासाठीं विमानाचें नाक वर उचलतो. परंतु एका मर्यादेपलीकडे नाक उचललें कीं पंखावरील हवेचा प्रवाह तुटतो, आणि विमान आधार गेल्यासारखें खालीं येऊं लागतें. चांगलें प्रतिविमान एका सेकंदांत अनेक वेळां हे सारे जोर मोजतें व त्यांवरून विमानाची पुढील स्थिति ठरवितें. त्यास लागणारे आंकडे पवनबोगद्यांतील प्रयोगांवरून मिळतात. नासा या अमेरिकन संस्थेनें एफ-१६ च्या लहान प्रतिकृतींवर केलेल्या प्रयोगांचे आंकडे १९७९ सालीं प्रसिद्ध केले. त्यांवर आजही विद्यार्थी अभ्यास करितात. ज्या खेळांत हे आंकडे नसतात, तेथें विमान पतंगासारखें हवें तिकडे वळतें. तें पाहावयास गोड वाटतें, पण शिकवीत कांहींच नाहीं.

दुसरी कसोटी म्हणजे विमानाच्या अंतरंगांतील यंत्रणा. मिग-२१ बिसचे पंख आंखूड व त्रिकोणी. ते मोठ्या वेगासाठींच घडविलेले. उतरतांना वेग कमी होतो तेव्हां त्यांची उचल अपुरी पडते. यावर रचनाकारांनीं असा उपाय योजिला कीं, इंजिनांतील दाबलेली हवा नळीनें आणून पंखामागील खालीं झुकलेल्या फ्लॅपवरून फुंकावी, म्हणजे प्रवाह चिकटून राहतो आणि उचल वाढते. परंतु हा उपाय इंजिनाच्या जोरावर अवलंबून आहे. साध्या विमानाची संवय असलेला नवशिका जमीन जवळ येतांच इंजिन मंद करितो. तत्क्षणीं फुंकणारी हवा ओसरते, उचल कमी होते, आणि विमान धावपट्टीवर आदळतें. म्हणून चाकें टेंकेपर्यंत इंजिनाचा जोर राखावा लागतो. प्रतिविमानांत ही एक नळी गणिताबाहेर राहिली, तर पाहणाऱ्यास फरक दिसणार नाहीं. चित्र तितकेंच सुंदर राहील. परंतु शिकणाऱ्याच्या हातास खोटी संवय लागेल. खरेपणा रंगांत नाहीं, कार्यकारणांत आहे, तो असा.

तिसरी कसोटी रडाराची. सामान्य खेळांत रडार दिव्यदृष्टीप्रमाणें सर्व कांहीं पाहतें. खरें रडार असें सर्वज्ञ नसतें. तें लहरी सोडतें व परत आलेला प्रतिध्वनि ऐकतें. खालीं पाहतांना जमिनीचा प्रतिध्वनि फार मोठा येतो. त्यांतून विमान वेगळें काढावयाचें कसें? जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा सूर चढलेला व दूर जाणाऱ्या गाडीचा उतरलेला ऐकूं येतो, हें मुलांनीं अनुभविलें असेल. त्याच डॉपलरच्या नियमानें रडार हालणाऱ्या वस्तूचा प्रतिध्वनि ओळखतें आणि जमिनीचा टाकून देतें. परंतु शत्रूचें विमान आपल्या दिशेस काटकोन करून आडवें उडूं लागलें, तर तें आपल्याजवळही येत नाहीं व दूरही जात नाहीं. त्याचा प्रतिध्वनि जमिनीच्या प्रतिध्वनींत मिसळतो आणि रडार त्यास जमीन समजून गाळून टाकतें. उत्तम प्रतिविमान ही उणीव जशीच्या तशी दाखवितें. उणिवेचें प्रामाणिक चित्रण हें खरेपणाचें लक्षण होय.

आतां जें साधत नाहीं तेंही सांगितलें पाहिजे. एफ-१६ वेगानें वळतांना वैमानिकाच्या देहावर नऊपट भार येऊं शकतो; साठ किलो वजनाचा मनुष्य ५४० किलोंचा होतो, रक्त डोक्याकडून पायांकडे ओढलें जातें, आणि शुद्ध हरपण्याची वेळ येते. याकरितां त्याची बैठक तीस अंश मागें कललेली असते. घरच्या खुर्चींत पडदा काळवंडतो, इतकेंच. हा भार सोसण्याचा अभ्यास करावयाचा तर बंगळूर येथील हवाई वैद्यक संस्थेंत असलेल्या फिरत्या यंत्रासारखीं साधनें लागतात. एफ-१६ चा दांडा जवळजवळ हालतच नाहीं, हाताचा दाब तेवढा ओळखतो. घरचा दांडा मात्र बहुधा हालणारा असतो. शिवाय शत्रूच्या रडारास फसविण्याच्या विद्येसारखीं रहस्यें कोणतेंही राष्ट्र उघड करीत नाहीं. तेथें कार्यक्रम रचणाऱ्यास अनुमानावर भागवावें लागतें.

परंतु सर्वांत मोठी उणीव निराळीच आहे. प्रतिविमान पडलें तर एक कळ दाबून पुन्हां उडतां येतें. खरें विमान पडलें तर एखाद्या घरचा दिवा विझतो. पडद्यावरील शत्रूच्या विमानांत कोणी बसलेला नसतो. खऱ्या विमानांत कोणा आईचा मुलगा बसलेला असतो. ही गोष्ट कोणतेंही गणित शिकवीत नाहीं. ती घरीं, शाळेंत व प्रार्थनेंत शिकावी लागते.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलाच्या हातून प्रतिविमान एकदम हिसकावून न घेतां, "तें विमान कां पडलें?" असा प्रश्न त्यास विचारावा. जो मुलगा वेगाचा वर्ग, हवेचा प्रवाह व डॉपलरचा नियम सांगून उत्तर देईल, त्याचा वेळ सर्वस्वीं वायां गेला असें म्हणतां येणार नाहीं. जो नुसती पाडलेल्या विमानांची संख्या सांगेल, त्यास पदार्थविज्ञानाचें पुस्तक हातीं द्यावें आणि त्याच्याशेजारीं बसून पहिला धडा आपणच वाचावा.