पाणी दिलेल्या पात्यावर नक्षी

मिटता चाकू ही वस्तु आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांच्या घरीं असते. पेन्सिलीस टोंक काढणें, फळ चिरणें, सुतळी तोडणें इतकेंच त्याचें काम. परंतु कित्येक कुटुंबांत तो आजोबांकडून वडिलांकडे व वडिलांकडून मुलाकडे आलेला असतो, आणि म्हणून त्यावर आपलें नांव किंवा एखादी वेलबुट्टी कोरावी अशी हौस मुलांस वाटते. ही हौस चांगली आहे. ती पुरी कशी करावी, व ती पुरी करतांना चाकू हा चाकूच कसा राहील, एवढ्याचपुरतें ह्या लेखांत लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम कोरणें म्हणजे काय तें स्पष्ट केलें पाहिजे. तांबट भांड्यावर ठोके देतो तेव्हां धातु दबतो, नाहींसा होत नाहीं. कोरतांना मात्र कलमाच्या टोंकानें धातूचा बारीक कीस सुटून बाहेर पडतो व त्या जागीं खांच उरते. कलम हा शब्द आम्ही येथें लेखणीसाठीं वापरीत नसून, तळहातांत बसणाऱ्या लहानशा पोलादी हत्यारासाठीं वापरीत आहों.

कलम ज्या धातूवर चालावयाचें त्याचा मऊपणा किंवा कठीणपणा हाच ह्या कलेंतील मुख्य प्रश्न आहे. शिलाहार, राष्ट्रकूट, यादव ह्या राजांचीं दानपत्रें तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेलीं आढळतात. तांबें टिकाऊ तर खरेंच, पण कारागिराच्या दृष्टीनें तें मऊ आहे, ही गोष्टही लहान नव्हे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर हा सोनाराचा मुलगा. बापाच्या दुकानांत शिकलेलें कलम त्यानें तांब्याच्या पत्र्यावर चालविलें, आणि १५१४ सालचें 'मेलेंकोलिया' हें त्याचें प्रसिद्ध चित्र अशाच पत्र्यावरून कागदावर उमटलें. त्याच काळीं आउग्सबुर्ग शहरांत डानिएल होप्फर हा चिलखतें सजवीत असे. परंतु चिलखताच्या पोलादावर तो नक्षी उठवी ती तेजाबानें. मेण किंवा रोगण लावून जेवढा भाग झांकला तेवढा तेजाबापासून वांचतो, आणि उघडा भाग खाल्ला जातो. पोलाद कितीही कठीण असलें तरी तेजाबास त्याची पर्वा नसते. घाई असेल त्यानें हा मार्ग खुशाल घ्यावा. मात्र तेजाबानें खाल्लेल्या रेघेस कलमाच्या रेघेची चकाकी येत नाहीं. आणि तेजाब हें मुलांनीं एकट्यानें हाताळण्याचें द्रव्य नव्हेच.

आतां चाकूच्या पोलादाकडे वळूं. पोलाद लालभडक तापवून पाण्यांत किंवा तेलांत एकदम बुडविलें म्हणजे तें अतिशय कठीण होतें, पण कांचेप्रमाणें ठिसूळही होतें. मग तें पुनः सुमारें २०० ते २५० अंश सेंटिग्रेडपर्यंत शेकतात. तेणेंकरून ठिसूळपणा कमी होऊन धार टिकण्यापुरता कठीणपणा मागें राहतो. ह्यालाच आपले लोहार 'पाणी देणें' असें म्हणतात, आणि हा शब्द आम्हांस फार समर्पक वाटतो. कारण धारेचा सगळा जीव ह्या पाण्यांत असतो. कठीणपणा मोजण्याची एक रीति रॉकवेल आडनांवाच्या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं शोधिली व १९१९ सालीं तिचें पेटंट घेतलें. त्या मापाच्या 'सी' श्रेणींत चांगल्या चाकूचें पातें साधारणतः ५५ ते ६० ह्यांच्या दरम्यान भरतें. खोदकामाचें कलम जलदगति पोलादाचें असेल तर तें ६२ ते ६५ भरतें. म्हणजे कापणारा व कापला जाणारा ह्यांच्यांतील अंतर किती थोडें आहे तें पहा! तांब्यावर कलम राजासारखें चालतें. येथें मात्र तें जेमतेम वरचढ असतें.

ही अडचण कळली कीं पुष्कळांस एक सोपी युक्ति सुचते. ती अशी कीं, पातें तापवून मऊ करावें आणि मग कोरावें. आमच्या एका विद्यार्थ्यानें तसें केलें. आजोबांचा शेफील्डचा चाकू होता. मुठीला ओलें फडकें गुंडाळून त्यानें पातें शेगडींत धरलें, हळूं हळूं निवूं दिलें, आणि एका सुटीच्या दिवसांत त्यावर द्राक्षवेल कोरला. वेल सुरेख होता हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. पण पुढच्याच आठवड्यांत पेन्सिल तासतांना धार दुमडूं लागली. निसण्यावर लावावी, आणि दहा वेळां लांकडावर फिरवितांच ती पुनः वळावी. मुलाचे वडील तो चाकू घेऊन आमच्याकडे आले. ते रागावलेले नव्हते. ह्याला पुनः पाणी देतां येईल काय, एवढेंच त्यांनीं विचारिलें. देतां येतें, परंतु मूठ उकलावी लागते, पातळ पातें पाण्यांत बुडवितांना वांकडें होण्याचें किंवा तडकण्याचें भय असतें, आणि तापल्या पोलादावर जो पापुद्रा धरतो त्यांत बारीक रेघा खाऊन जातात. म्हणजे नक्षी राखावी तर धार जाते आणि धार आणावी तर नक्षी जाते. त्यांनीं तो चाकू कागदांत गुंडाळून परत नेला.

ज्या कोणास हा मोह होईल त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें: घांसून उजळ केलेलें साधें पोलाद तापूं लागलें कीं त्यावर प्रथम गवताच्या काडीसारखा पिवळा रंग येतो, मग जांभळा, आणि सुमारें ३०० अंशांस निळा. धारेवर निळा रंग दिसला म्हणजे पाणी उतरलें. हें विस्तवावरच होतें असें नाहीं. विजेच्या सहाणेवर पातें दाबून धरलें तरी क्षणांत तेंच होतें.

आधीं कोरून मागाहून पाणी देणें हा क्रम मात्र शास्त्रशुद्ध आहे, आणि त्याचें उत्तम उदाहरण आपल्या छापखान्यांच्या इतिहासांत आहे. खिळे पाडणारे कारागीर मऊ केलेल्या पोलादाच्या कांबीच्या टोंकावर कानशीनें व कलमानें उलटें अक्षर कोरीत, मग त्या ठशास पाणी देत, आणि तो कठीण झालेला ठसा तांब्यांत ठोकून खिळ्याचा सांचा करीत. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम ह्यांच्या हाताखालीं देवनागरी खिळ्यांचें काम चाले. तेथेंच लहानपणीं धंदा शिकलेले जावजी दादाजी ह्यांनीं पुढें १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. तेथील सुबक अक्षरांची कीर्ति किती झाली तें पालकांस सांगावयास नकोच. परंतु तो कारागीर आपलें पोलाद प्रथमपासून आपल्या हातीं घेत असे. आपल्या हातीं चाकू येतो तो पुरा झालेला, पाणी घेतलेला. तेव्हां त्यास आहे तसाच कठीण ठेवून कोरणें हाच एक मार्ग उरतो, आणि तो कष्टाचा असला तरी बंद नाहीं.

ह्या मार्गाची किल्ली कलमाच्या टोंकांत आहे. भाजी चिरण्याची विळी पातळ असते आणि ओंडका फोडण्याची कुऱ्हाड जाड असते. तोच न्याय येथें लावावा. कलमाची चौकोनी कांब एका टोंकास तिरपी घांसतात, तो उतार म्हणजे त्याचें तोंड. तांब्यापितळेसाठीं हें तोंड कांबीशीं ४५ अंशांचा कोन करील असें ठेवतात; कठीण पोलादासाठीं ५० किंवा ५५ अंश ठेवावें, म्हणजे टोंकामागें धातूचा भरणा अधिक राहतो. समोरून पाहिलें असतां टोंकाचा जो फांकलेला कोन दिसतो तोही ९० अंशांऐवजीं १२० अंश असावा. टोंकाच्या खालच्या बाजूस १५ ते २० अंशांची एक अगदीं आंखूड टांच घांसावी, अर्ध्या मिलिमीटराहूनही कमी. टांच लांब झाली तर वळणाच्या रेघेंत तिची मागची कड बाहेरच्या कांठास घांसते आणि रेघ मळकट दिसते.

जलदगति पोलादापेक्षांही कठीण असें टंगस्टन कार्बाइडचें कलम मिळतें. कार्ल श्रोटर ह्यानें १९२३ सालीं हा पदार्थ सिद्ध केला आणि १९२६ पासून तो जर्मनींत 'वीडिया', म्हणजे 'हिऱ्यासारखा', ह्या नांवानें विकला जाऊं लागला. पाणी दिलेल्या पात्यासाठीं आम्ही हेंच कलम घ्यावयास सांगतों; मात्र तें ठिसूळ असल्यामुळें आडवा दाब मुळींच सोशीत नाहीं. त्यास धार हिऱ्याच्या पुडीच्या सहाणेवरच लागते. आधीं जाड सहाण, मग बारीक, आणि शेवटीं आरशासारखी झिलई. टोंक अंगठ्याच्या नखावर हलकेंच टेंकवून पहावें. तें तेथेंच रुतलें तर ठीक, घसरलें तर पुनः सहाणेकडे जावें. पहिले कित्येक दिवस कोरण्यापेक्षां पाजळण्यांतच अधिक वेळ जातो, आणि ह्यास कंटाळून जो धार नसलेलें कलम जोरानें रेटतो त्याचें टोंक मोडतें व हात चाकूवर आपटतो.

अक्षर सुधारण्यासाठीं जसा कित्ता गिरवितात तसा येथेंही गिरवावा. प्रथम तांब्याच्या पत्र्यावर सरळ समांतर रेघा, मग वर्तुळें, मग वेलाचीं वळणें; त्यानंतर साधें मऊ पोलाद; त्यानंतर एखादें मोडकें, निरुपयोगी पातें. घरचा चाकू सर्वांच्या शेवटीं.

चाकू धरण्यासाठीं लांकडाच्या ठोकळ्यावर सोनाराप्रमाणें लाख पातळ करून तींत पातें आडवें बसवावें. लाख मऊ होण्यास लागणारी ऊब शंभर अंशांच्या आंत असते, त्यामुळें धारेच्या पाण्यास धक्का पोंचत नाहीं. मागाहून चिकटून राहिलेली लाख स्पिरिटानें निघते. धारेवर जाड कागदाच्या घड्या चिकटपट्टीनें पक्क्या बांधाव्या. डोळ्यांस चष्मा असावा, कारण मोडलेलें टोंक उडतें. डावा हात कलमाच्या मार्गांत कधींही नसावा, मागेंच असावा.

पात्यावर पांढऱ्या जलरंगाचा पातळ हात देऊन पेन्सिलीनें आकृति काढावी आणि कठीण टोंकाच्या सळईनें ती हलकेंच ओरखडून घ्यावी. नुसत्या हाताच्या रेट्यानें येथें कलम सरकत नाहीं, म्हणून सोनाराच्या लहान हातोडीचे हलके, सारखे ठोके द्यावे. आरंभीं कलम थोडें उभें धरून टोंक रुतवावें आणि लगेच खालीं आणून टांच पृष्ठभागाशीं समांतर करावी. फार उभें राहिलें तर तें खोल शिरून अडकतें व मोडतें. फार निजलें तर घसरून बाहेर पडतें. ह्या दोहोंमधील जागा पुस्तकानें दाखवितां येत नाहीं. कीस अखंड वळत निघूं लागला म्हणजे ती सांपडली असें समजावें. खोली एकदम साधूं नये. एकाच खांचेंतून दोन तीन वेळां जावें. वळण घेतांना मनगट न वळवितां ठोकळाच फिरवावा. रेघ फुगीर हवी असेल तेथें कलम एका कुशीस किंचित् कलतें करावें. पानाच्या देठाशीं बारीक आणि पोटाशीं रुंद अशी जी रेघ आपणांस आवडते ती अशीच निघते. चार पांच रेघा झाल्या कीं भिंगानें टोंक तपासावें.

नक्षी पात्याच्या पाठीकडील जाड भागांत ठेवावी. धारेजवळ किंवा पातळ भागावर आडवी खोल रेघ मारली तर तेथूनच पातें तडकण्याचा संभव असतो. ज्यांचा धीर अद्याप पात्यापर्यंत पोंचला नाहीं त्यांनीं मुठीच्या टोंकाशीं पितळेची किंवा जर्मन सिल्व्हरची जी टोपी असते तिच्यावर कोरावें. ती मऊ असते, आणि तेथें कोरलेलें नांव हातांतही सांपडतें.

काम पुरें झाल्यावर खांचांत छापण्याची काळी शाई चोळून वरची पुसून घ्यावी, म्हणजे रेघा उठून दिसतात. हॅरी ब्रिअर्ली ह्यानें १९१३ सालीं शेफील्ड येथें जें न गंजणारें पोलाद शोधिलें त्या जातीचें पातें असेल तर विशेष काळजी नको. आजोबांच्या वेळचें साधें पोलाद असेल तर मात्र लिंबू किंवा चिंच कापल्यावर तें लगेच धुवून कोरडें करावें आणि तेलाचा बोळा रेघांच्या दिशेनें फिरवावा. गंज प्रथम खांचांतच शिरतो.